पुल्केनचे सहा वाचक

पुस्तकाबद्दल कुणी नुसतं ‘छान आहे’ असं लिहिलेलं एर्मेलिंदा चिग्वाय यांना खपत नसे.

"छान तर शेजाऱ्याचं कुत्रंही असतं," त्या म्हणायच्या. "तुला काय पटलं नाही ते लिही."

हे सांगायच्या त्या दहा-बारा वर्षांच्या मुलांना, आणि पुस्तकं असायची जादूची. ड्रॅगन, शापित राजे, बोलणारे आरसे. दक्षिण चिलीतल्या चिलोएच्या लहान बेटांवर आमच्या नगरपालिकेची बोट महिन्यातून एकदा पुस्तकांच्या पेट्या घेऊन जाते. त्या बोटीवर एर्मेलिंदाबाई एकतीस वर्षं होत्या. विधवा, मूलबाळ नाही, गुडघ्यांवर सतत विणकाम. एकतीस वर्षांत त्यांची बोट लागायची काही थांबली नाही. निघण्याआधी त्या पावाची सुकी कड दाढेखाली धरायच्या आणि परत येईपर्यंत ती चघळत राहायच्या. मुलं त्यांना लिंदामावशी म्हणत.

प्रत्येक बेटाची एक अभिप्रायवही होती. पेटी धक्क्यावर उतरली की तिच्यात वही असे, आणि महिन्याने पेटी परत येई तेव्हा वही भरलेली असे. कुठल्या मुलांना काय आवडतं यावरून पुढची पुस्तकं ठरत. बाईंची एक पद्धत होती. बोट निघण्याच्या आदल्या दिवशी त्या वहीचं नवं पान आखायच्या आणि डाव्या बाजूला वाचकांची नावं आणि वय स्वतःच्या अक्षरात लिहून ठेवायच्या. प्रत्येकापुढे चार ओळी रिकाम्या.

मी एकदा विचारलं होतं, हा खटाटोप कशाला, मुलं लिहितील की स्वतःचं नाव.

"लाजाळू मुलं पान उलटून पुढं जातात," त्या म्हणाल्या. "नाव आधीच लिहिलेलं असलं की नाही टाळत. हाक मारल्यासारखं होतं ते. हाक मारली की माणूस ओ देतो."

चार वर्षांपूर्वी ऑगस्टात पुल्केन बेटावरची सहा मुलं शाळेच्या होडीतून गावाकडे यायला निघाली, दातांच्या तपासणीसाठी. होडी पोहोचली नाही. तीन दिवस सगळ्या बेटांवरच्या बोटी शोधत होत्या. दोन फळ्या आणि एक रबरी बूट सापडला. बाकी काही नाही. शाळा बंद झाली. मुलांचे आईबाप एकेक करून मुख्य भूमीवर मासळीच्या कारखान्यांत गेले. बेटावर सात म्हातारी माणसं उरली.

आमच्याकडे माणूस गेला की नऊ दिवस प्रार्थना असते आणि नवव्या दिवशी सगळ्यांना जेवू घालून ती संपवतात. समुद्रात गेलेल्याचं शरीर मिळालं नाही तर घरचे थांबतात. कुणी सहा महिने, कुणी वर्ष, मग त्याचे कपडे मांडून प्रार्थना धरतात. ती पुरी होईपर्यंत गेलेल्याचं नाव उच्चारायचं नाही. नाव घेतलं तर तो वाट सोडून मागे वळतो, असं माझी आई सांगायची, आणि तिला तिच्या आईने सांगितलं होतं. पुल्केनच्या म्हाताऱ्यांनी चार वर्षांत प्रार्थना धरली नव्हती, हे आम्हाला सगळ्यांना माहीत होतं. त्यावर कुणी बोलत नसे.

नगरपालिकेत पुस्तकं, बोटी, खुर्च्या यांच्या नोंदी माझ्याकडे आहेत. यंदा मार्चमध्ये बेटांची यादी तपासताना मला दिसलं की पुल्केनचा थांबा अजून चालू आहे. वाचकांच्या रकान्यात लिहिलं होतं, सहा. नियम असा की एखाद्या बेटावर किमान पाच वाचक असतील तरच बोट तिथे थांबते. मुलं नाहीत, शाळा नाही, आणि सहा वाचक. एर्मेलिंदाबाई खोटं लिहितील हे मला पटत नव्हतं. म्हणून मी स्वतः जायचं ठरवलं.

धुकं इतकं होतं की बोटीचं नाक दिसत नव्हतं. सुकाणूवर रिगोबेर्तो होता.

"साहेब, तुम्ही कागदावरच बरे दिसता," तो म्हणाला. "बोटीवर हिरवे पडता."

"तू पुढं बघ, रिगो," एर्मेलिंदाबाई म्हणाल्या. "दगड काही तुझे विनोद ऐकून बाजूला होणार नाहीत."

मग त्यांनी प्लास्टिकमध्ये गुंडाळलेली वही माझ्या मांडीवर ठेवली.

"आधी वाचा. मग मला खोटारडी म्हणा."

"मी तसं म्हटलेलं नाही."

"म्हणाला नाहीत, पण टाय लावून आलात."

मी वही उघडली. पुल्केनची मुलं तेव्हा ‘राखेचं राज्य’ नावाची पाच भागांची कादंबरी वाचत होती. तामिरा नावाची मुलगी एका लंगड्या ड्रॅगनवर बसून हरवलेल्या भावाला शोधते, अशी ती गोष्ट. पहिल्या भागावरचे अभिप्राय अपघाताच्या आधीचे होते.

लेओनेल, अकरा: ‘ड्रॅगन दिवसभर उडतो आणि त्याला भूक लागत नाही. आमचा बैल नुसता उभा राहिला तरी खातो.’

यास्ना, नऊ: ‘तामिराने तलवार उचलली तेव्हा मजा आली. पण आईला चिठ्ठी ठेवायला हवी होती.’

एलिसेओ, बारा: ‘जादूगार फार बोलतो. आमच्या बेटावरचा चेटक्या नुसता बघतो.’

मला हसू आलं. बाईंनी पान उलटलं.

"हे पान मी बुधवारी आखलं," त्या म्हणाल्या. "नेहमीसारखी सहाही नावं लिहिली आणि वही पेटीत टाकली. गुरुवारी होडी गेली आणि आमची फेरी राहिली. शुक्रवारी आमची बोट शोधायला निघाली ती पेट्यांसकट. कुणाला भान होतं? पुल्केनच्या धक्क्यावर माणसं उतरली, त्यांच्याबरोबर पेटीही उतरली. मी घरी आले, टेबलावर आखणीची पट्टी दिसली आणि मग आठवलं. जी नावं तोंडाने घ्यायची नाहीत ती मी लिहून पाठवली होती, पुढं जागा सोडून."

"मग परत आणायची होती वही."

"गेले की. महिन्याने. समुद्र शांत झाल्यावर." त्यांनी पानावर बोट ठेवलं. "वाचा."

दुसऱ्या भागावरचं पान भरलेलं होतं. सहाही नावांपुढे.

यास्ना: ‘पाण्याखालच्या शहराचं वर्णन चुकलं आहे. तिथे दिवे नसतात.’

एलिसेओ: ‘तामिराला तीन दिवस थंडी वाजते असं लिहिलं आहे. इतका वेळ वाजत नाही. नंतर वाजत नाही.’

लेओनेल: ‘ड्रॅगन हाक ओळखतो हे मला पटलं. खालून नीट ऐकू येतं.’

मी अक्षरं तपासली. माझ्या कामात चाळीस वर्षं मी हेच केलं आहे. लेओनेलचं डावीकडे कललेलं अक्षर, यास्नाची गोल वळणं, एलिसेओचा जोरात दाबून दिलेला पूर्णविराम. मागच्या पानावर होतं तेच सगळं. सहा अक्षरं, सहा हात.

"बेटावर कुणीतरी..."

"बेटावर वाचता येतं ते एका आबेलार्दोबाबांना. तेही भिंग घेऊन. त्यांचा हात असा थरथरतो की चमच्यात सूप राहत नाही." त्यांनी पावाची कड दुसऱ्या गालात सरकवली. मग म्हणाल्या, "ते दुपारी मोठ्याने वाचतात, बाकीचे ऐकतात. मग वही बाकावर ठेवतात आणि बटाटे काढायला जातात. चहाला परत येतात तेव्हा भरलेली असते. मला तेव्हाच थांबवता आलं असतं. पुढचं पान नावांशिवाय पाठवायचं, झालं. पण बेटावरच्या सुनिल्दाबाईंनी माझा हात धरला. त्यांची दोन नातवंडं आहेत त्यांत. चार वर्षं मी दर महिन्याला नावं लिहितेय, साहेब. त्यांना वाटेवरून मागे ओढून कोण थांबवून ठेवतंय, हे मला कळत नाही असं समजू नका."

रिगोबेर्तोने इतका वेळ मागे वळून पाहिलं नव्हतं. आताही पाहिलं नाही.

दुसरा आणि तिसरा भाग कित्येक महिने फिरून फिरून आले होते. वहीचं शेवटचं भरलेलं पान चौथ्या भागाचं होतं. त्या भागाची ती तिसरी खेप होती. सहाही नावांपुढे एकच वाक्य होतं, सहा वेगवेगळ्या अक्षरांत: ‘पाचवा भाग कधी?’

पुल्केनला उतरलो तेव्हा अकरा वाजले असतील. शाळेच्या खिडक्यांवर फळ्या ठोकल्या होत्या. आम्ही सुनिल्दा बार्रिया यांच्या स्वयंपाकघरात गेलो. चूल पेटलेली होती, मिलकाओ, म्हणजे बटाट्याच्या जाड पोळ्या, भाजल्याचा वास येत होता. टेबलाभोवती सातही म्हातारी माणसं बसली होती. खिडकीखाली शाळेतल्या सहा बुटक्या खुर्च्या ओळीने मांडल्या होत्या, प्रत्येकीवर लोकरीची गादी.

जागा दिसली म्हणून मी तिकडे वळलो.

"तिथं नको!" तीन जण एकदम म्हणाले.

मी उभाच राहिलो. गाद्या मधोमध दबलेल्या होत्या. खुर्च्यांखालच्या जमिनीच्या फळ्या इतर फळ्यांपेक्षा काळ्या होत्या, ओल धरल्यासारख्या, आणि चूल तर तिथून चार पावलांवर होती.

"हे कोण? कर वसूल करणारे?" सुनिल्दाबाईंनी विचारलं. सत्तरी उलटलेली, बारीक, ताठ बाई.

"मोजणी करणारे," एर्मेलिंदाबाई म्हणाल्या.

"मोज म्हणावं. सात आम्ही, नऊ मेंढ्या. एक मेंढी आजारी आहे, तिला अर्धी धर." त्यांनी माते या कडू चहाचा नळी घातलेला पेला माझ्या हातात दिला. मग माझ्याकडे पाठ करून त्यांनी विचारलं, "चौथा आणलास का परत?"

"पाचवाही आणलाय," एर्मेलिंदाबाई म्हणाल्या. "शेवटचा."

सुनिल्दाबाईंनी पेटीचं झाकण लावलं.

"तो राहू दे पेटीत," सुनिल्दाबाई म्हणाल्या. "आम्ही चौथा वाचू. चौथा चांगला आहे."

"तीनदा झाला की गं चौथा," आबेलार्दोबाबा म्हणाले. त्यांचा नातू त्या सहांत होता. "तो दरीतला राक्षस आता मला बघून सलाम ठोकतो. मुलं कंटाळलीत, सुनिल्दा. स्पष्ट लिहिलंय त्यांनी. मीच तुला वाचून दाखवलं."

"तुला दिसतं कुठं नीट?"

"सहा वेळा तेच लिहिलं असेल तर आंधळ्यालाही दिसतं."

सुनिल्दाबाईंनी टेबलावरचं पीठ तळहाताने गोळा केलं. पीठ नव्हतंच फारसं. "शेवटचा भाग वाचला की त्या पोरीला भाऊ सापडेल. ती घरी जाईल. मग?" त्या एर्मेलिंदाबाईंकडे वळल्या. "मग ही मुलं इथं कशाला येतील? कुठलं पुस्तक ऐकायला? तू सांग ना. तू एवढी पुस्तकं वाचलीस."

एर्मेलिंदाबाईंनी वही टेबलावर ठेवली. "सुनिल्दाबाई, त्या बुधवारी नावं मी लिहिली. चूक माझी होती."

"मला माहितीय. कुणी लिहिली हे मला पहिल्या दिवशी कळलं. तू लिहिलीस म्हणून तर मुलं आली." त्यांनी पेन पुढे सरकवलं. तिथे टेबलावर ते आधीच तयार ठेवलेलं होतं. "लिही. नवं पान आख, नावं लिही आणि चौथा ठेवून जा. हे साहेब काय मोजायचं ते मोजतील."

त्या क्षणी माझ्याकडे सगळे बघत होते, म्हणून मी मला जे ठाऊक होतं ते सांगितलं. पाच वाचक नसतील तर थांबा बंद होईल आणि पेटी येणार नाही. चौथाही नाही, पाचवाही नाही. मुलांची नावं मला वाचक म्हणून धरता येणार नाहीत. पण वाचकाचं वय किती असावं हे नियमात कुठेही नाही. पाच जणांनी आपापल्या नावाने अभिप्राय दिला तर थांबा राहील.

"म्हणजे आम्ही ड्रॅगनवर मत द्यायचं?" कोपऱ्यातल्या एका आजीने विचारलं. त्यांचं नाव ऑक्ताव्हिया. "मला तर तो राजाच आवडतो. केस चांगले आहेत त्याचे."

"बघा, एक झालं," रिगोबेर्तो दारातून म्हणाला.

सुनिल्दाबाई हसल्या नाहीत. त्या एर्मेलिंदाबाईंच्या हाताकडे बघत होत्या. एर्मेलिंदाबाईंनी वही उघडली, पट्टी लावली आणि नवं पान आखलं. डावीकडचा रकाना सोडला. पेन तिथे नेलं. पेनाचं टोक कागदापासून एका केसाच्या अंतरावर थांबलं, आणि खिडकीखालची एक खुर्ची करकरली. एकच. जसं कुणी ऐकायला पुढे झुकावं तसं. बाईंचं पेन हललं नाही.

"एकतीस वर्षांत," त्या हळू आवाजात म्हणाल्या, "वाचकाने मागितलेलं पुस्तक मी त्याला नाकारलेलं नाही. त्यांनी पाचवा मागितलाय."

त्यांनी पेन ठेवलं. पेटीतून पाचवा भाग काढून आबेलार्दोबाबांपुढे ठेवला. नावांचा रकाना रिकामा ठेवून वही मिटली.

"ज्याला लिहायचं असेल त्यानं स्वतः लिहावं."

सुनिल्दाबाई उठल्या आणि चुलीपाशी जाऊन उभ्या राहिल्या. आम्ही निघेपर्यंत त्यांनी वळून पाहिलं नाही. मिलकाओ मात्र त्यांनी बांधून दिला होता, धक्क्यावर पोहोचल्यावर तो रिगोबेर्तोच्या पिशवीत सापडला. परतताना एर्मेलिंदाबाईंनी विणकाम काढलं नाही. त्या मागच्या बाजूला बसून धुक्यातल्या बेटाकडे बघत राहिल्या. ते दिसत नव्हतं.

तो महिना त्यांनी कसा काढला हे मी पाहिलं. कार्यालयात त्या वेळेवर यायच्या, फाटलेल्या पुस्तकांना डिंक लावायच्या, दुसऱ्या बेटांची पानं आखायच्या. एकदा मला म्हणाल्या, "मी त्या बाईची नातवंडं चोरली असतील तर?"

एप्रिलच्या शेवटी वादळामुळे बोटीवर कुणालाच नेलं नाही. रिगोबेर्तो एकटाच जाऊन पेट्या घेऊन आला. पुल्केनची पेटी त्याने दुपारी माझ्या टेबलावर ठेवली आणि बाकीच्या पेट्या आणायला गेला. मी एर्मेलिंदाबाईंना बोलावलं. वही त्यांनीच उघडली.

पान भरलेलं होतं. सगळं एकाच अक्षरात, आबेलार्दोबाबांच्या, वाकड्या थरथरत्या रेघांत. प्रत्येकाने सांगितलेलं त्यांनी लिहून घेतलं होतं आणि खाली अंगठा घेतला होता. सात नावं. ऑक्ताव्हियाबाईंनी राजाच्या मृत्यूबद्दल लेखकाला चांगलंच खडसावलं होतं. एका आजोबांना ड्रॅगन लंगडा राहिला हे पटलं, कारण मोडलेला पाय कधी पूर्वीसारखा होत नाही, त्यांचाही झाला नाही.

सुनिल्दा बार्रिया यांचं नाव शेवटी होतं. त्यांच्यापुढे चार ओळी पुरल्या नव्हत्या. मजकूर समासात गेला होता.

‘मला वाचायचं नव्हतं. आठ दिवस मी पुस्तकाला हात लावू दिला नाही. त्या आठ दिवसांत खुर्च्या गप्प बसल्या नाहीत. नवव्या दिवशी मी म्हटलं, वाच. तीन दुपारी लागल्या. शेवटचं पान आलं तेव्हा आबेलार्दो थांबला. त्याला दिसेना. भिंग पुसलं तरी दिसेना. पण वाचन थांबलं नाही. मुलगा वाचत होता, मग मुलगी, मग दुसरा मुलगा. पाळीपाळीने, शाळेत वाचतात तसं. आम्ही कुणीही मान वळवली नाही. मी ज्याचा आवाज ओळखला त्याचं नाव घेतलं नाही, ओठ दाताखाली धरला. शेवटचा शब्द झाला आणि पुस्तक मिटल्याचा आवाज आला. आबेलार्दोच्या हातातलं पुस्तक उघडंच होतं. मग दार उघडलं आणि वारा आत आला नाही, घरातलाच बाहेर गेला. दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही प्रार्थना धरली. आज नववा दिवस. ऑक्ताव्हियाने डुक्कर दिलं आहे. खुर्च्या आम्ही पुसून शाळेत ठेवल्या, त्या सुकल्या आहेत.’

एर्मेलिंदाबाईंनी ते दोनदा वाचलं. मग खुर्ची ओढून माझ्या टेबलासमोर बसल्या आणि डोळे पुसले, दोन्ही पालथ्या हातांनी. मी पुल्केनच्या रकान्यात सात वाचक असं लिहिलं आणि सही केली.

"खाली अजून आहे," मी म्हणालो.

पानाच्या तळाशी, अंगठ्याच्या शाईखाली, पुढच्या वेळी कुठलं पुस्तक हवं ते सुनिल्दाबाईंनी लिहवून घेतलं होतं: ‘काहीही चालेल. पण एकाच भागात संपणारं.’